हा गज कुणाचा?

जुनं गाणं रेडिओवर लागलं की घरातल्या सगळ्यांचे कान गायकाकडे लागतात. माझे कान मात्र मुखडा संपायची वाट बघत असतात. गायक श्वास घ्यायला थांबला की तिथून पुढे माझं गाणं सुरू होतं. दहा-पंधरा सेकंदांचा तो तुकडा. आम्ही वादक त्याला नुसतं ‘म्युझिक’ म्हणायचो. पहिलं म्युझिक, दुसरं म्युझिक. १९६६ पासून नव्वदीचं दशक संपत येईपर्यंत मी मुंबईच्या स्टुडिओंमध्ये हे तुकडे वाजवले. व्हायोलिन, आणि तेही बहुतेक वेळा मागच्या रांगांत बसून. आता वय झालं, बोटं पूर्वीसारखी वळत नाहीत, पण कान शाबूत आहेत. त्या कानांचं आता काय करायचं, हे मला गेल्या काही वर्षांत नीट कळलंय. त्याबद्दलच लिहायचं आहे.

मी व्हायोलिन दोनदा शिकलो. आधी गिरगावात आमच्या गुरुजींकडे. जमिनीवर मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकवायचं, तारा सा-प-सा-प अशा लावायच्या आणि गळ्यातून येतं तेच गजातून, म्हणजे तारांवर फिरवायच्या त्या काठीतून, काढायचं. गुरुजी आधी गाऊन घ्यायचे, मग वाजवू द्यायचे. पुढे स्टुडिओत काम मिळवायचं तर स्टाफ नोटेशन वाचता आलं पाहिजे, असं वडिलांना कुणीतरी सांगितलं. त्यांनी मला धोबीतलावला एका गोव्याच्या मास्तरांकडे धाडलं. तिथे सगळंच वेगळं. उभं राहायचं, व्हायोलिन हनुवटीखाली, तारा जी-डी-ए-ई. समोर पाच रेघांचा कागद. तारा आणि रोझिन, म्हणजे गजाला चोळायची राळ, फुर्टाडोच्या दुकानातून आणायचं. मास्तर बोलायचे कमी आणि बोलले तर कोंकणीत. “पुता, बो चेंपूं नाका. मायक सगळें आयकता.” गज दाबू नकोस, माइकला सगळं ऐकू जातं. मी तेव्हा माइक जवळून पाहिलाही नव्हता.

ही गोव्याची मंडळी मुंबईच्या चित्रपट संगीतात कशी आली, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. पोर्तुगीज गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये लहानपणापासून सोल्फेज, म्हणजे कागदावरचे सूर वाचून गाणं, आणि व्हायोलिन शिकवायचे. वाचन जिभेवर बसलेलं असायचं. त्या शिदोरीवर ही मुलं मुंबईला येत, धोबीतलावच्या आपापल्या गावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेल्या सामायिक बिऱ्हाडांत, उतरत आणि हॉटेलांच्या, क्लबांच्या डान्स बँडमध्ये वाजवत. कुणी मुंबईत, कुणी कलकत्त्यात, कुणी थेट लाहोरला. सेबॅस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात बँड चालवत होते. फाळणीनंतर ते मुंबईला आले आणि पुढे शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची अरेंजमेंट त्यांनी वर्षानुवर्षं केली. इंग्रज गेले, मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतले बँड आटले आणि हे वादक चित्रपटांकडे वळले. संगीतकार चाल द्यायचा. त्या चालीभोवती पन्नास-साठ माणसांनी नेमकं काय वाजवायचं, हे कागदावर उतरवणारे हात बहुतेक वेळा गोव्याचे असायचे. आमच्यासारखी गिरगाव, दादर, पुण्याकडची मराठी मुलं, बंगाली, पारशी, पंजाबी, सगळे त्यांच्या शेजारी बसून शिकलो.

ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचं फेमस, परळचं राजकमल, वांद्र्याचं मेहबूब. सकाळी व्हायोलिनची पेटी घेऊन लोकलमध्ये चढायचं. डब्यात आणखी दोन-चार पेट्या दिसायच्याच, त्यामुळे आज मोठं रेकॉर्डिंग कुठे आहे ते गाडीतच कळायचं. निरोप मेसेंजर आणायचा. तो घरोघर किंवा एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत फिरून उद्या कुणी कुठे यायचं ते सांगायचा. टेलिफोन फारच थोड्यांकडे. दर सिने म्युझिशियन्स असोसिएशनने ठरवलेला. प्रत्येक वादकाची ग्रेड आणि ग्रेडप्रमाणे शिफ्टचे पैसे.

आमच्या आधीच्या पिढीकडून ऐकलेली एक गोष्ट मला फार आवडायची. त्यांच्या सुरुवातीच्या काळात ध्वनिमुद्रण थेट फिल्मवर प्रकाशाने होत असे. ती फिल्म लॅबमध्ये धुऊन आल्याशिवाय ऐकता येत नसे. म्हणजे टेक झाल्यावर ‘लावा बघू परत’ म्हणायची सोयच नाही. रेकॉर्डिस्टने कानाने ऐकून ओके म्हटलं की ओके. मी आलो तोपर्यंत मॅग्नेटिक टेप रुळली होती, टेक लगेच ऐकता यायचा. पण वाजवायची शिस्त तीच राहिली. सगळे एका खोलीत, सगळे एकाच वेळी, गायक शेजारच्या केबिनमध्ये, आणि सगळं मिळून एकच ट्रॅक.

एकच ट्रॅक म्हणजे काय, ते सांगतो. आज आवाज कमी-जास्त करायला बटण आहे. तेव्हा अंतर होतं. कुणाचा आवाज किती हवा, हे तो माइकपासून किती फुटांवर बसलाय यावर ठरायचं. मिनू कात्रक, रॉबिन चटर्जी, मंगेश देसाई ही तेव्हाची दबदबा असलेली नावं. असा जाणता रेकॉर्डिस्ट काचेमागून ऐकायचा, बाहेर यायचा आणि खुर्च्या हलवायचा. व्हायोलिन्स एक फूट मागे. बासरी जवळ. ट्रम्पेटवाले पार भिंतीशी. मेंडोलिनचा पीस फक्त दुसऱ्या म्युझिकमध्ये असेल तर मेंडोलिनवाला पहिला अंतरा चालू असतानाच चप्पल काढून, पावलांचा आवाज न करता माइकपाशी जायचा, आपले चार बार (तालाचे चार छोटे कप्पे) वाजवायचा आणि तसाच मागे सरकायचा. गायक गातोय, तबला चालू आहे, आणि मधून ही माणसं अशी ये-जा करताहेत. टेकच्या आधी पंखे बंद व्हायचे. मे महिन्यात घाम कोपरापर्यंत ओघळायचा, तारेवर बोट घसरायचं, म्हणून मांडीवर रुमाल ठेवायचा आणि दोन बारांची विश्रांती आली की बोटं पुसून घ्यायची. एका स्टँडवर दोघं वाजवत असू. पान उलटायचं काम आतल्या बाजूला बसणाऱ्याचं. तो वाजवायचा थांबणार, दोन बोटांनी कागद उचलणार, आणि त्या सेकंदात शेजारच्याने दोघांचं वाजवायचं. कागदाची सळसळ झाली तर ती कायमची रेकॉर्डमध्ये.

आणि कुणाचंही चुकलं तरी पहिल्यापासून. ट्रँगलवाल्याचा एक ठोका उशिरा पडला तरी लताबाईंना, रफीसाहेबांना पुन्हा मुखड्यापासून गावं लागायचं. म्हणून शेवटच्या रांगेतला वादकही एकटा गात असल्यासारखा सावध असायचा. शेवटचा सूर संपला तरी गज तारेवरून उचलायचा नाही, श्वाससुद्धा सोडायचा नाही, लाल दिवा विझेपर्यंत. दिवा विझला की सगळ्या खोलीतून एकदम खुर्च्यांचा आवाज यायचा. तो आवाज मला अजून आवडतो.

माझी कमाई म्हणाल तर हीच. इतक्या माणसांचा हात मी इतक्या जवळून ऐकला, की आता रेडिओवर चार सेकंद ऐकलं तरी सांगता येतं हे कुणी वाजवलंय.

ते कसं, हे व्हायोलिनपुरतं सांगतो. तारेवर वरच्या जागेवरून खालच्या जागेवर येताना बोट सरकतं. धोबीतलावचे मास्तर सांगायचे, सरकण्याचा आवाज ऐकू येता कामा नये. एक सूर संपला, दुसरा आला, मध्ये काही नाही. गिरगावचे गुरुजी नेमकं उलट सांगायचे. सुरांच्या मधल्या वाटेतच गाणं आहे, ती मींड दिसली पाहिजे. आता गोव्यात शिकलेल्या वादकाला मराठी किंवा हिंदी संगीतकार म्हणाला की इथे मींड दे, तर तो ती देणार. पण बोट निघतं कधी आणि पोचतं कधी, यात त्याची सवय डोकावतेच. तो उशिरा निघतो आणि झटकन पोचतो. आमच्याकडचा वादक लवकर निघतो आणि रेंगाळतो. कुणी पोचल्यावर सूर हलवतो, कुणी पोचण्याआधीच हलवायला लागतो. गज उलटा फिरवताना कुणाचा किंचित झटका बसतो. या सवयी सहीइतक्या पक्क्या असतात. सेक्शनमध्ये वीस-तीस व्हायोलिन्स एकत्र वाजत असतात तेव्हा दिंडीतल्या टाळकऱ्यांसारखे सगळे एक होतात, तिथे वेगळं काढणं अवघड. पण सोलो पीस असला, की माणूस उघडा पडतो.

प्रभाकर जोगांचं उदाहरण घ्या. त्यांच्या कार्यक्रमाचं नावच ‘गाणारं व्हायोलिन’ होतं, आणि ते नाव अगदी खरं होतं. जोगसाहेब चाल वाजवायचे तेव्हा शब्द ऐकू यायचे. कुठल्या अक्षराला गज बदलायचा, कुठलं अक्षर त्याच गजात ओढायचं, हे त्यांनी गायकासारखं ठरवलेलं असायचं. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. गदिमा आणि बाबूजी यांची ती छप्पन्न गाणी वर्षभर दर आठवड्याला घरोघरी ऐकली गेली. त्या गाण्यांच्या वाद्यमेळात जोगांचं व्हायोलिन होतं. त्यांचं नाव लोकांना माहीत झालं, कारण पुढे ते स्वतः संगीतकार झाले, कार्यक्रम केले, लिहिलं. त्यांच्या शेजारी बसून वाजवणाऱ्या कितीतरी जणांना हे भाग्य मिळालं नाही.

नाव कळण्याची ही वाट नेहमी अशीच आडवळणाची राहिली आहे. १९५४च्या ‘नागिन’ची बीन सगळ्या देशाला वेड लावून गेली. लोकांना वाटलं गारुड्याची पुंगी आहे. कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलाइन या विजेच्या वाद्यावर वाजवली होती आणि सोबत हार्मोनियमवर रवी होते. हे आज सगळ्यांना ठाऊक आहे, कारण ते दोघंही पुढे मोठे संगीतकार झाले. ते वादकच राहिले असते, तर ती बीन आजही कुण्या अनामिकाचीच असती.

गायकांनाही हे भोगावं लागलंय. १९४९च्या ‘महल’मधलं ‘आएगा आनेवाला’ रेकॉर्डवर आलं तेव्हा तबकडीवर गायिकेच्या जागी पडद्यावरच्या पात्राचं नाव होतं, कामिनी. लताबाईंचा आवाज देशभर पोचला आणि नाव मागाहून पोचलं. गायकांनी पुढे हक्काने आपली नावं लावून घेतली, आणि ते योग्यच झालं. गीतकारांनी नावासाठी झगडा केला. वादकांची पाळी आलीच नाही. आमच्या काळात चित्रपटाच्या सुरुवातीला नावं सरकायची त्यात संगीतकार असायचा, गायक असायचे, गीतकार असायचा, क्वचित सहायकाचं आणि रेकॉर्डिस्टचं नाव असायचं. साठ वादकांपैकी बहुधा एकाचंही नसायचं.

याला अपवाद म्हणावा असं एकच नाव माझ्या डोळ्यांसमोर येतं, आणि तेही विलक्षण रीतीने लोकांपर्यंत पोचलंय. अँथनी गोन्साल्विस. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मुळे हे नाव आज शाळेतल्या मुलालाही पाठ आहे. गोन्साल्विस हे गोव्यातल्या माजोर्ड्याचे खरेखुरे व्हायोलिनवादक आणि अरेंजर होते, त्या चित्रपटाच्या संगीतकार जोडीतले (लक्ष्मीकांत-प्यारेलाल) प्यारेलालजी त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते. शिष्याने गुरूचं नाव गाण्यात गुंफलं. १९५८ साली याच गोन्साल्विसनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात भारतीय रागांवर बांधलेलं संगीत मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलं होतं, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले होते. केवढं धाडस ते! पुढे ते मुंबई सोडून गोव्याला परतले आणि २०१२च्या जानेवारीत गेले. ज्यांना ते गाणं पाठ आहे, त्यांतल्या बहुतेकांना अजून वाटतं की हे नाव पटकथेत जन्माला आलं.

नाव असण्या-नसण्याला पुढे कायद्यातही किंमत आली. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. गीतकार, संगीतकार यांच्याबरोबर सादर करणाऱ्या कलाकारांच्याही रॉयल्टीचा हक्क मान्य झाला. मला मनापासून आनंद झाला. मग मी ती दुरुस्ती वाचून घेतली. ‘कलाकार’ कुणाला म्हणायचं, याच्या व्याख्येला एक पुस्ती जोडलेली आहे. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक स्वरूपाचं आहे आणि उद्योगाच्या रीतीप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत किंवा कुठेही दिलं जात नाही, त्याला जवळजवळ सगळ्या बाबतींत कलाकार मानायचं नाही, असा तिचा अर्थ. गर्दीच्या दृश्यातल्या माणसांसाठी ती घातली असेल. आमचं वाजवणं किरकोळ नव्हतं, हे मी कुठल्याही न्यायालयापुढे सांगेन. पण दुसरी अट वाचली आणि मी हातातला कागद खाली ठेवला. नाव देण्याची रीत नाही, हे आमच्या बाबतीत शब्दशः खरं आहे. अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने पूर्वीच असा करार करून घेतलाय, की चित्रपट पुढे टीव्हीवर दाखवला, डिस्कवर विकला, की त्या पैशातला वाटा वाजवणाऱ्याला मिळतो. तिथे कोणी वाजवलं याची यादी ठेवावीच लागते. आमच्याकडे यादीच नाही, मग वाटा कुणाला देणार?

पुढचा काळ भराभर गेला. दोन ट्रॅक, चार ट्रॅक, मग चोवीस. आधी रिदम वाजवून जायचा, मग आम्ही, मग गायक त्याच्या सवडीने. कॅसेटचा धडाका आला तेव्हा दिवसाला इतकं काम असायचं की गाण्याचं नावही विचारायचो नाही. मग कीबोर्ड आले. चाळीस व्हायोलिन्सच्या जागी आठ बोलवायचे आणि त्यांच्याकडूनच चार वेळा वाजवून घ्यायचे, पुढे दोन, पुढे एकही नाही. कीबोर्डवर माझा राग नाही. केर्सी लॉर्डसारख्या वादकाने सिंथेसायझरमधून जे काढलं ते संगीतच होतं. माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणांचं घर मात्र त्या काळात हलाखीत गेलं. शिकवण्या धरल्या, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवलं, काहींनी वाद्य विकलं.

२०१६ मध्ये ‘सैराट’ आला. अजय-अतुल यांनी त्याचं वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसला सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर, म्हणजे मोठा वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण करायच्या दालनात, केलं. नातवाने मला थिएटरात नेलं. पडद्यावर करमाळ्याकडची विहीर, शेतं, आणि मागून खऱ्या गजांचा तो भरलेला आवाज. मराठी चित्रपटात इतक्या वर्षांनी इतकी माणसं एकत्र बसून वाजवताना ऐकली. मला भरून आलं. पैसा जमला, हट्ट धरला, की आजही माणसांना बोलवून वाजवून घेता येतं, हे या दोन भावांनी दाखवलं. तशी खोली आणि तशी माणसं मुंबईत पुन्हा उभी राहावीत, एवढं मला फार वाटतं.

आता यादीबद्दल. आमचे जुने कागद गेले. रेकॉर्डिंग संपलं की नोटेशनचे गठ्ठे तिथेच पडायचे. एका स्टुडिओत तर मी स्वतः पाहिलं, वर्षानुवर्षांचे पार्ट्स सुतळीने बांधून रद्दीच्या काट्यावर चढले होते. एकेका पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने वादकांची नावं, कुणाचे गजाचे खुणेचे बाण, कुणी काढलेली फुलं. मी दोन गठ्ठे मागून घेतले, बाकीचे गेले. त्यामुळे आता पुरावा म्हणून उरलेत ते आमचे कान, आणि तेही किती दिवस.

म्हणून आम्ही काही जुने वादक महिन्यातून एकदा जमतो. एकाच्या घरी चांगले स्पीकर आहेत. वहिनी चहा-पोहे करतात आणि गाणीही त्याच लावतात, कारण आम्हाला तो फोन चालवता येत नाही. एक गाणं लावायचं, प्रत्येकाने आपल्या कागदावर लिहायचं. सॅक्सोफोन कुणाचा, मेंडोलिन कुणाचं, सोलो व्हायोलिन कुणाचं, ढोलकी लालाभाऊ गंगावणे यांची की दुसऱ्या कुणाची, अॅकॉर्डियन गूडी सीरवाईंचा की इनॉक डॅनियल्सचा. लिहून झाल्यावरच बोलायचं, कारण आधी बोललं की मोठ्या नावाकडे सगळे कलतात. किमान दोघांनी स्वतंत्रपणे तेच नाव लिहिलं तर ते वहीत शाईने जातं. नाही जुळलं तर पेन्सिलीने आणि पुढे प्रश्नचिन्ह. भांडणं होतात. परवा एका बोंगोवरून दोघं जण तासभर बोलत नव्हते. शेवटी तिसऱ्याने आठवण काढली की त्या आठवड्यात पहिल्याचा हात प्लॅस्टरमध्ये होता, आणि नाव शाईने लिहिलं गेलं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात आजोबा, मामा, काका स्टुडिओत वाजवणारे असतील, तर त्यांच्या खिशातल्या छोट्या डायऱ्या शोधा. आमच्यातले बरेच जण त्या ठेवायचे, कारण पैसे मिळायला उशीर झाला तर हिशेब लागायचा. तारीख, स्टुडिओ, संगीतकार, शिफ्ट, रक्कम. गाण्याचं नाव बहुतेक वेळा नसेल, पण तारीख आणि स्टुडिओ मिळाला तर गाणं शोधता येतं. त्या डायऱ्यांचे फोटो काढा, एकही पान न वगळता, कोरी पानंसुद्धा. आणि तो वादक हयात असेल तर त्याला गाणी लावून द्या, शेजारी वही घेऊन बसा आणि त्याने ‘हा अमुक’ म्हटलं की लगेच लिहून घ्या, तारखेसकट आणि त्याच्या सहीसकट.